अंबडच्या भिंतीला वळसा

नाशिकला लोक देवदर्शनाला जातात, द्राक्षांचे मळे बघायला जातात, हल्ली वाइन चाखायलाही जातात. मी गेलो तो माझ्या साडूवर पाळत ठेवायला. हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढे वाचताना तुम्हाला ते कळणारच आहे, आणि तेव्हा मी लपवलं असं व्हायला नको.

मी सांगलीचा. जळालेली गोडाऊनं आणि पुरात बुडालेली दुकानं तपासायची, नुकसान सांगितलं किती आणि झालंय किती ते ठरवायचं, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. विमा कंपन्या त्याला सर्व्हे म्हणतात. या धंद्यात एक वाईट सवय जडते. पुरात सगळं गेलं म्हणून एखादा समोर रडायला लागला, की माझी नजर आधी त्याच्या चपला कोरड्या आहेत का, तिकडे जाते. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या नारळालाही दोनदा हलवून बघता. बघतो. एकदा नासका निघाला होता.

तर श्रावणाचे दोन सोमवार झाले आणि तिच्या थोरल्या बहिणीचा, सुनंदाताईंचा, नाशिकहून फोन आला. बायकोने तो स्पीकरवर टाकला, म्हणजे प्रकरण गंभीर.

"वसू, तुझ्या नवऱ्याला पाठव. ते चोर पकडतात ना?"

"कोणाचा चोर पकडायचाय?"

"माझाच."

ताईंचे यजमान प्रकाशराव म्हणजे सायखेड्याच्या शेतकरी घरातला सरळ माणूस. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना आहे, विजेच्या स्विचच्या आत बसणारे पितळी भाग तयार करण्याचा. ताईंचं म्हणणं असं: श्रावणी सोमवार म्हणून हे त्र्यंबकला जातात आणि प्रसाद आणत नाहीत. उलट गाडीच्या दारात फाफड्याचा कागद सापडला. त्र्यंबकेश्वराच्या दारी फाफडा कुठून आला? आणि त्याहून वाईट म्हणजे, कारखान्यातला कोणीतरी फोनवर बोलताना त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, "शेठ, भिंतीपलीकडच्या मॅडमची सही लागेल."

"कसली भिंत? कोण मॅडम?" ताई म्हणाल्या. "बावीस वर्षं मी दर खंडेनवमीला तिथे पूजेला जाते. मला एक भिंत दिसली नाही, एक मॅडम दिसली नाही."

मी त्याच क्षणी बॅग भरायला घेतली. इतका आनंद मला लग्नाची तारीख ठरली तेव्हाही झाला नव्हता.

शुक्रवार, नाशिक

पुढच्या कुंभमेळ्याच्या तयारीत सगळं शहर खणून ठेवलंय. रिक्षावाल्याने मला ताईंच्या घरापर्यंत नेताना तीनदा रस्ता बदलला. मला तिन्ही वेळा वाटलं, हा मीटर फिरवतोय. शेवटी तो म्हणाला, "साहेब, सकाळी होता हो इथं रस्ता." आणि खरंच, रस्ता नव्हता.

ताईंनी मिसळ केली होती. सांगलीकडचा माणूस मिसळीच्या बाबतीत कसा असतो हे मी सांगायला नको. इथे ताटात पापड, दही आणि वर एक गुलाबजाम. मी गुलाबजामाकडे संशयाने पाहिलं. तिखटाची खात्री असणारा माणूस शेजारी गोड कशाला ठेवील? पण दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि मी मुकाट्याने तो खाल्ला.

प्रकाशराव संध्याकाळी आले. गळ्यात पडले, बायकोची चौकशी केली. मी म्हटलं, "उद्या तुमचा कारखाना बघीन म्हणतो." त्यांचा हात पाण्याच्या तांब्यावर क्षणभर थांबला. "बघायचंय काय त्यात माधवराव, सगळीकडे तेल," असं म्हणून ते हसले. मी मनात नोंद केली.

शनिवार, अंबड

सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचणं ही माझी जुनी युक्ती. खांद्याला कामाची बॅग, हातात फाइल, खिशात मापाची टेप. मी फाटकातून आत शिरलो मात्र, वॉचमनने भिंतीवरच्या घंटीचं बटण एकदा लांब आणि दोनदा आखूड दाबलं. शाळेच्या नाटकात पडदा वर जायच्या आधी देतात तशी. मी खूश झालो.

आत सहा-सात प्रेस धडधडत होते. पितळेची पट्टी आत जायची, खाली चकत्या पडायच्या. कोपऱ्यात तपासणीचं टेबल होतं. त्यावर मापं घ्यायचं गेज, चष्मा, अर्धा कप चहा. चहावर अजून साय धरली नव्हती. खुर्चीला हात लावून पाहिला. गरम होती. खुर्चीत कोणी नव्हतं.

"इथे कोण बसतं?" मी जवळच्या प्रेसवाल्याला विचारलं.

"कोणीच नाय, साहेब."

"मग चष्मा कोणाचा?"

त्याने चष्म्याकडे असं पाहिलं, जणू तो पट्टीतूनच कापून पडला होता. "पडला असंल कोणाचा."

त्या टेबलामागेच ती होती. भिंत. छपरापर्यंत बांधलेली, पांढरी, कारखान्याचे मधोमध दोन तुकडे करणारी. दार नाही, खिडकी नाही. माणसाची मूठ जाईल एवढं एक भोक मात्र होतं. मी त्याला डोळा लावला. पलीकडून दुसरा डोळा माझ्याकडे बघत होता. दोघंही दचकलो.

मी बाहेर पडलो आणि कारखान्याला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेलो. तिथे दुसरं फाटक, दुसरा वीजमीटर, दुसरं नाव असलेली पाटी. पाटीवर मालकाचं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पोट धरून हसलो, एकटाच, रस्त्यात.

प्रोप्रायटर, सौ. सुनंदा प्रकाश आणि पुढे आडनाव.

शेजारच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या आत-बाहेर, मांडीवर जेवणाचा डबा, आणि हातातली पितळी चकती डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने बघत होत्या. चष्मा नसल्यामुळे फारच जवळ.

"कोणाची वाट बघताय का?" मी विचारलं.

"पाव्हणा यायचाय."

"मी पण पाहुणाच आहे. शेठचा साडू. सांगलीहून आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साडू? मंग ती फाईल कशाला घेतली हातात? म्हनलं इन्स्पेक्टर आला. माझा चहा गेला ना वाया."

त्यांचं नाव हिराबाई. मी दोन चहा सांगितले आणि त्यांनी जे सांगितलं ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देतो.

"हिकडं एकोणीस माणसं, तिकडं एकोणीस. वीस झाली की सरकारचा मोठा कायदा लागतो, आसं शेठ म्हणतात. मी दोन्हीकडचा माल तपासते, म्हणून मी हिकडची नाय आन तिकडची बी नाय. फाइलवाला कोणी दिसला की घंटी वाजती. मी डबा उचलते, हितं येऊन बसते. अकरा वर्सं झाली."

"आणि पगार?"

"तो येतो. येळेवर येतो, खोटं कशाला बोलू. पर कागद नाय माझ्या नावचा, एक बी. आन आता शेठ निघाले गुजरातला. बाकीची पोरं कामाचा कागद दाखवून शेजारच्या कंपनीत लागतील. मला विचारतील, अकरा वर्सं कुठं व्हत्या? काय सांगू, टपरीवर?"

गुजरात हा शब्द ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. फाफडा!

"आणि तुम्ही शेठना विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाले, हिराबाई, तुम्ही तर घरच्या. घरच्या माणसाला कागद लागतो व्हय?" त्यांनी चकती माझ्या हातात दिली. "हे बघा. डाग."

चकतीवर पांढुरके डाग होते. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या भागात बारीक आडव्या-उभ्या रेघा. असा माल मोठ्या गिऱ्हाइकाने परत पाठवला होता, दोनदा. तिसऱ्यांदा परत आला तर काम दुसऱ्याला जाईल, असं कळवलंही होतं.

प्रकाशरावांनी मला ऑफिसात गाठलं. मी पाटीबद्दल विचारलं. ते आधी चिडले, मग थकल्यासारखे खुर्चीत बसले.

"माधवराव, तुम्ही बाहेरचे. तुम्हाला हे चोरासारखं वाटणार. पण बघा. एकोणीस माणसांपर्यंत मी एक छोटा उद्योजक. विसावा आला की मी कारखानदार. मग नकाशा मंजूर करून आणा, परवाना घ्या, त्याचं नूतनीकरण करा, ही रजिस्टरं, ती रजिस्टरं, तपासणी, दर साल विवरणपत्र. एक माणूस त्या कागदांसाठीच ठेवावा लागतो. आणि शेजारच्या गल्लीत माझ्याच मालाचा दुसरा उत्पादक बसलाय, त्याच्याकडे अठरा जण. त्याच्या दरापुढे मी कसा टिकू?"

"म्हणून भिंत?"

"सल्लागाराने सुचवली. सगळेच बांधतात."

मला त्यांच्या रडण्यात चपला कोरड्या दिसल्या नाहीत. माणूस खरंच ओला होता. पण भिंत खोटी होती. असं मिश्रण माझ्या धंद्यात नेहमीच सापडतं.

त्या संध्याकाळी ताईंसमोर मी खुर्ची ओढून बसलो आणि आवाज खाली आणला. "ताई, मन घट्ट करा. ती बाई सापडली."

ताईंनी हातातलं निवडायचं ताट बाजूला ठेवलं. "दिसायला कशी आहे?"

"चांगली आहे. सांगलीकडची. दोन मुलांची आई."

"माझ्यापेक्षा लहान?"

"तुमच्याच वयाची. तुमच्याच नावाची. तुमच्याच घरात राहते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांचे डोळे बारीक झाले. इथल्या घराघरांत एक रीत आहे, आमच्याकडेही आहे: नवरा कागदांचा गठ्ठा आणतो, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने छोटी फुली मारलेली असते, आणि बायको पोळ्या लाटता लाटता हात पुसून फुलीवर सही करते. ताईंनी अशा किती सह्या केल्या होत्या, त्यांना आठवेना.

"म्हणजे मी मालकीण आहे?"

"अर्ध्या कारखान्याची."

"आणि मला कोणी चहा पण विचारला नाही तिथे." त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "बरं, मग मालक सोमवारी जातात कुठे?"

सोमवार, पेठचा घाट आणि त्यापलीकडे

सकाळी प्रकाशराव कपाळाला भस्म लावून निघाले. मी सोवळ्यासारखं उपरणं घेऊन फाटकात उभा. "चला, मलाही त्र्यंबकराजाचं दर्शन घडवा."

ताई दारातून म्हणाल्या, "हो, घेऊन जा. आणि प्रसाद आणा."

गाडी निघाली. पंचवटीतून पेठ रस्त्याला लागली. त्र्यंबकचा रस्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे सांगलीच्या माणसालाही ठाऊक असतं. मी मागे वळून, जिकडे त्र्यंबक असावं असं वाटलं तिकडे हात जोडले. प्रकाशरावांनी अर्ध्या किलोमीटरवर गाडी बाजूला घेतली.

"किती माहितेय तुम्हाला?"

"फाफड्यापर्यंत."

ते हसले, आणि मग आम्ही दोघं चांगले हसलो. घाटात सगळीकडे नागलीची, म्हणजे आमच्या नाचणीची, हिरवी शेतं होती आणि ढग उतरून रस्त्यावर आलेले. पेठच्या अलीकडे एका झोपडीवजा हॉटेलात नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि ठेचा मिळाला. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, पांढरी, फुगलेली. ही काळसर, जाड. वाढणाऱ्या बाईंनी माझा चेहरा बघून सुनावलं, "खाऊन बघा आधी, मंग तोंड करा." मी तीन खाल्ल्या.

सीमेपलीकडे रस्ता एकदम गुळगुळीत झाला. प्रकाशरावांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो त्यांनीच बांधला होता. वसाहतीत जागा दाखवणारा एजंट गोरागोमटा, पांढऱ्या शर्टातला गृहस्थ. मराठी, गुजराती आणि हिंदी एकाच वाक्यात बोलायचा.

"आवो, आवो साहेब! इकडे सगळा एक खिडकी. काय पण टेन्शन नाय. तुमच्या तिकडे माणूस फाइलच्या मागे पळतो, इकडे फाइल माणसाच्या मागे."

"फाइल मागे लागली तर जास्तच भीती वाटेल," मी म्हटलं.

"हां हां, मजाक करते साहेब!"

मला अशी माणसं ओळखता येतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आधी. मी विचारलं, पाणी? भरपूर. वीज? चोवीस तास. कामगार? पाहिजे तेवढे. मग मी थोडं थांबून विचारलं, "काय नाही इथे?" तो पहिल्यांदाच गडबडला आणि म्हणाला, "फाफडा खाल्ला काय?"

त्याने टेबलावर नकाशा पसरला. शेडचा आराखडा, प्रकाशरावांच्या सांगण्यावरून काढलेला. मी टेप काढली, सवयीने. मधोमध एक जाड रेघ होती. दोन फाटकं, दोन मीटर.

"ही रेघ कसली?"

"भिंत साहेब. सगळेच करते. विसाचा हिशेब इकडे पण तोच ना."

मी प्रकाशरावांकडे पाहिलं. ते नकाशाकडे बघत होते. आराखडा त्यांनीच करून घेतला होता, पण ती रेघ आपणच सांगितलीय हे जणू त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांच्या गळ्यावरचा घाम मी पुसला असता, पण ते शोभलं नसतं.

परतीच्या वाटेवर आम्ही घाट चढलो. मग ते म्हणाले, "जमीन स्वस्त आहे. वीजही थोडी स्वस्त पडते. हे खोटं नाही, माधवराव."

"मी खोटं म्हटलंच नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

"मी विचार करतोय, हिराबाई तिकडे कुठल्या टपरीवर बसतील."

ते रागावले. खरंच रागावले. "तुम्ही सर्व्हे करा, न्याय करू नका. अडतीस माणसांचं घर चालतं माझ्यावर."

"एकोणचाळीस," मी म्हटलं.

नाशिक आलं. ताईंसाठी त्यांनी पेठ नाक्यावर पेढे घेतले. मी ते उघडून हुंगले. ताजे होते.

मंगळवार, पुन्हा अंबड

मंगळवारी ताई आमच्यासोबत कारखान्यात आल्या. खंडेनवमी नसताना, पहिल्यांदा. पैठणी नाही, साधी सुती साडी, हातात पर्स. वॉचमनला घंटी वाजवावी का कळेना. शेवटी त्याने अर्धीच वाजवली.

मी मात्र डागाच्या मागे होतो. समोरच्या बाजूला प्रेसवर कापलेल्या चकत्यांचा क्रेट भरला. भिंतीला दार नसल्यामुळे एकाने तो हातगाडीवर घातला, चलन लिहिलं, कारण माल एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणार, आणि फाटकाबाहेर काढला. मी गाडीमागे चालत निघालो. माझ्या या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत विचित्र टप्पा. तेरा पावलांची भिंत, आणि तिच्यासाठी दोन रस्ते, एक वळण, एक उघडं गटार आणि श्रावणाची रिपरिप. मागच्या बाजूला भोकं पाडली, पॉलिश केलं. चकत्या सोन्यासारख्या चमकायला लागल्या. मग त्याच गाडीवर, त्याच रस्त्याने परत हिराबाईंच्या टेबलाकडे. फक्त आता पावसापासून जपायला म्हणून वर एक ओलं गोणपाट टाकलं.

मी गोणपाट उचललं. आडवे-उभे धागे. चकतीवर तेच.

"सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडलो की गाडीवाल्याने हात वर केले.

हिराबाई टेबलाशीच होत्या. मी विजयाने त्यांच्यापुढे गोणपाट धरलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाऊस लागल्यापासून सांगते मी, गोणपाटाचे डाग हाये. भोकातून तिकडच्या पोराला बी सांगितलं. पर ज्याचं नाव नाय लिहिलेलं त्याचं ऐकतं कोण?"

प्रकाशराव तिथेच उभे होते. त्यांनी एक चकती उचलली, गोणपाटावर ठेवली, पुन्हा उचलली. इतके दिवस त्यांनी पॉलिशच्या पावडरीला, विजेला, सरकारला दोष दिला होता. आता ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

दरम्यान ताई, इतकी वर्षं जिला कारखान्याची शेवटची भिंत समजत होत्या तिच्यापलीकडे, स्वतःच्या अर्ध्या कारखान्यात फिरून आल्या होत्या. एका ड्रिल मशिनची संरक्षक जाळी वर उचलून तारेने बांधलेली त्यांनी पाहिली आणि चालवणाऱ्याला विचारलं होतं, "ही अशी का?"

"जाळीत हात अडतो मॅडम. माल कमी निघतो."

"आणि जाळी नसली की हातच जातो. सोड ती."

त्याने सोडली. मालकीण म्हणून त्यांचा हा पहिला हुकूम. त्या ऑफिसात आल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं. सांगलीत असताना कॉलेजच्या नाटकात त्यांनी राणी केली होती म्हणतात. मी तेव्हा नव्हतो, पण आता विश्वास बसला.

टेबलावर प्रकाशरावांनी कागद ठेवला होता. गुजरातच्या जागेसाठी मागच्या कंपनीची संमती. शेवटच्या पानावर पेन्सिलची फुली.

ताईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. प्रकाशरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "अगं, सगळं सल्लागाराने तपासलंय."

"मग मीही तपासते. मालकीण मी आहे ना?"

वाचून झाल्यावर त्यांनी खोडरबर मागितलं आणि फुली पुसली. "मी सही करणार नाही. इथून हलायचं नाही. आणि माझ्या कंपनीचं हजेरीचं रजिस्टर कुठे आहे?"

रजिस्टर आलं. एकोणीस नावं. ताईंनी दारातून हाक मारली, "हिराबाई, आत या."

हिराबाई आल्या, पण डबा हातात घेऊन. सवय.

"पूर्ण नाव सांगा."

प्रकाशराव उभे राहिले. "सुनंदा, विसावी होईल ती."

"होऊ दे."

"तुला कळतंय का काय होईल? परवाना, नकाशे, सगळं. मी मोडीन यात."

"डाग पडलेला माल परत येत राहिला तरी मोडालच. मग भिंत पाडून मोडा. निदान माल कोरडा जाईल." त्या थोड्या मऊ झाल्या. "सगळे कागद मी करीन. रोज येईन. घरात बसून फुलीवर सह्या करण्यापेक्षा बरं."

मला इथे प्रामाणिक राहायला हवं. ताई बरोबर होत्या की प्रकाशराव, मला अजून कळलेलं नाही. वीस हा आकडा कोणी, कुठे बसून ठरवला, त्यावरही मला संशय आहे. एका माणसाच्या फरकाने एखादा माणूस नाहीसाच होतो, असा नियम लिहिणाऱ्याने भिंती बांधणारे विचारात घेतले नसावेत. आणि भिंती बांधणाऱ्यांनी हिराबाई.

हिराबाईंनी पूर्ण नाव सांगितलं. ताईंनी विसाव्या ओळीवर लिहिलं. पुढचा रकाना होता, कामावर लागल्याची तारीख.

प्रकाशरावांनी सल्लागाराला फोन लावला होताच. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आजची टाका. आजचीच टाका. जुनी टाकली तर अकरा वर्षं कुठे होती, असं विचारतील."

ताईंनी पेन वर धरलं. हिराबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"आजची नको," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मागच्या कुंभाच्या साली आले मी. पहिल्या पर्वणीच्या दुसऱ्या दिवशी. रस्ते बंद व्हते, नाक्यापासून पायी आले. शेठनीच सांगितलं व्हतं, उद्यापासून या म्हणून. आजची टाकायची आसंल तर नाव बी खोडा."

बाहेर प्रेस धडधडत होते. प्रकाशरावांनी फोन खाली ठेवला. मग स्वतःच मोबाइलवर त्या सालचं पंचांग शोधलं, पर्वणीची तारीख काढली, एक दिवस पुढे मोजला आणि ताईंना सांगितली. पहिल्यांदा इतक्या हळू की ताईंनी पुन्हा विचारली.

ताईंनी लिहिली. मी चष्मा लावून वाकलो. दिवस, महिना, साल. सगळं बरोबर होतं. मी कबूल करतो, थोडा हिरमुसलो.

"सही करा," ताई म्हणाल्या.

हिराबाईंनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर. मग पदराआडून मोबाइल काढला आणि पानाचा फोटो घेतला. पडद्याकडे बघितलं, मान हलवली.

"हलला," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घेतला.